टाके निघाले, आता जेवणाचं काय?

आजारातून उठलेल्या म्हाताऱ्या माणसाला भेटायला आलेलं प्रत्येक जण सांगतं, ‘पोटभर जेवा, म्हणजे अंगात ताकद येईल.’ दिंडोरी तालुक्यातल्या घरांतही हाच मायेचा आग्रह. जठराच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेल्या आजी-आजोबांना मात्र तो बाधतो.

थिओडोर बिलरोथ यांनी १८८१ मध्ये व्हिएन्नात जठराचा कॅन्सरग्रस्त भाग पहिल्यांदा यशस्वीपणे काढला. तेव्हा रुग्ण वाचला यातच सगळं आलं. आता तो कसा जगतो, हेही डॉक्टर तपासतात. त्यासाठी युरोपातल्या कॅन्सरतज्ज्ञांनी २२ प्रश्नांची प्रश्नावली बनवली आहे. दोन घास खाल्ले तरी पोट गच्च होतं का, चारचौघांत जेवायला अवघडल्यासारखं होतं का, असे साधेच प्रश्न. पण म्हातारपणाचं सुखदुःख त्यांतच असतं.

जठर म्हणजे अन्नाची कोठी. अन्न साठवायचं आणि थोडं थोडं आतड्यात सोडायचं, हे तिचं काम. ती गेली की गोड चहा, गूळ किंवा द्राक्षाचा रस थेट आतड्यात उतरतो. तिथली साखर रक्तातलं पाणी ओढून घेते. खाल्ल्यावर दहा ते तीस मिनिटांत पोटात कळ येते, छाती धडधडते, घाम फुटतो. घरच्यांना वाटतं, हृदयाचंच दुखणं. काहींची साखर एक ते तीन तासांनी एकदम खाली येते आणि चक्कर येते. वयस्कर माणूस अशा वेळी पडला, तर हाड मोडायची भीती.

त्यात भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठरातच तयार होतं. त्यामुळे ‘खावंसंच वाटत नाही’ हा आजोबांचा हट्ट नसतो. म्हणून दिवसातून सहा-आठ वेळा थोडं थोडं खायला द्यावं. मऊ खिचडी, अंडं, मऊ शिजवलेली डाळ चालते. पाणी जेवणाबरोबर न देता अर्ध्या तासाच्या अंतरानं द्यावं.

पूर्ण जठर काढलं असेल, तर अन्नातलं बी-१२ शोषायला लागणारं प्रथिनही बनत नाही. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून कमतरता उशिरा कळते : पायांना मुंग्या, तोल जाणं, विसराळूपणा. ‘वयच झालं’ म्हणून ते सोडून देऊ नका. बी-१२ आयुष्यभर घ्यावं लागतं, बहुधा इंजेक्शननं. आणि ते गावाजवळच्या दवाखान्यातही घेता येतं.

पहिले काही महिने कठीण जातात. पुढे बरेच जण सावरतात. तपासणीला नाशिकला जाताना रिपोर्टांच्या फाइलीत एक कागद ठेवा : दर आठवड्याचं वजन, काय खाल्लं, कशानं त्रास झाला. औषध आणि आहार ठरवायला डॉक्टरांना त्याची फार मदत होते.