ती माशांची अंडी नव्हेत!

मैत्रिणींनो, फिश टँकच्या काचेवर भिजलेल्या साबुदाण्यासारखा चिकट, पारदर्शक पुंजका दिसला, तर माशांची अंडी म्हणून हरखू नका. आम्ही हरखलो होतो! ती गोगलगाईची अंडी. बहुधा विकत आणलेल्या पाणवनस्पतीच्या पानाला चिकटून येतात आणि आठ-पंधरा दिवसांत फुटतात.

पुढे काचभर पिल्लं दिसली, तेव्हा घाबरून आम्ही तांबं असलेलं औषध ओतलं. गोगलगाई मेल्या, तिथेच कुजल्या, पाणी नासलं आणि पोरांचे तीन गप्पी तरंगू लागले.

आता औषध नाही. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने अंडी खरवडतो आणि लगेच बाहेर काढतो. पाण्यात पडली तर तिथेही फुटतात. रात्री काकडीची चकती गरम पाण्यातून काढून टँकमध्ये सोडतो, सकाळी गोगलगाईंसकट उचलतो.

पण त्यांची पंगत मांडतो आपणच. माशांना दोन मिनिटांत संपेल इतकंच खाणं घाला. चार-दोन गोगलगाई राहिल्या तर राहू द्या, शेवाळ खातात बिचाऱ्या. काढलेली अंडी मात्र विहिरी-ओढ्यात नको. चुरडून कचऱ्यात टाका.