साठाव्या दिवसाची तलफ

आज उंदरांची गोष्ट. घडली अमेरिकेत, बाल्टिमोरच्या एका प्रयोगशाळेत, आणि २००१ साली छापून आली.

पिंजऱ्यात एक दांडी. उंदरानं ती दाबली की दिवा लागे, आवाज होई आणि शिरेत बसवलेल्या बारीक नळीतून कोकेन रक्तात जाई. रोज सहा तास, असे दहा दिवस. मग कोकेन बंद.

आता तिथले संशोधक याविन शहाम आणि त्यांच्या सोबत्यांनी काही उंदरांना दुसऱ्याच दिवशी दांडीपाशी परत आणलं, काहींना आठवड्यानं, काहींना महिन्यानं, तर काहींना थेट साठाव्या दिवशी. दांडी तीच, दिवा तोच, फक्त कोकेन नाही. सांगा बघू, सगळ्यांत जास्त दांडी कोणी दाबली असेल? तुम्ही म्हणाल, दुसऱ्या दिवसाच्या उंदरांनी, कारण त्यांचं अंग अजून मागत असणार. पण दाबली साठाव्या दिवसाच्या उंदरांनी! तलफ उतरली नव्हती, आतल्या आत वाढत गेली होती.

ती वाढली कुठे, तेही पुढे सापडलं. मेंदूत खोलवर न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बेन्स नावाचा एक लहानसा भाग आहे. सुख मिळणार अशी खूण दिसली की तिथे डोपामिन पाझरतं आणि जीव त्या वस्तूकडे धावतो. तिथल्या पेशींना खुणेचा निरोप पोचतो तो ग्लुटामेट नावाच्या रसायनातून, आणि तो झेलायला पेशीवर ग्राही असतात. कोकेन थांबल्यावर महिनाभरानं या पेशींवर वेगळ्या जातीचे ग्राही दाटीनं बसलेले आढळले. ते कॅल्शियमही आत सोडतात, त्यामुळे तोच निरोप कितीतरी जोरात पोचतो. २००८ साली हे दाखवणाऱ्या शास्त्रज्ञांनी औषधानं ते ग्राही अडवले, तेव्हा उंदरांची तलफ ओसरली. मला तर हा शोध फार मोलाचा वाटतो. ‘मनाचा कमकुवतपणा’ म्हणून आपण ज्याला नावं ठेवतो, त्यातलं काही चिमटीत धरता येईल इतकं खरं निघालं.

माणसाचंही ऐका. केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या रुग्णालयात एब्रहम विक्लर नावाचे डॉक्टर होते. अफूच्या जातीची व्यसनं सुटून कित्येक महिने झालेले रुग्ण तिथे गप्पांना बसत. बोलणं नशेवर आलं की त्यांना जांभया येत, डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहू लागे. अंगात नशेचा कणही नाही, पण मेंदूनं नुसत्या शब्दांवरून सगळं परत उभं केलेलं. व्यसनमुक्ती केंद्रातून बरा होऊन आलेला मुलगा जुन्या नाक्यावरून जाताना घामाघूम होतो, तेव्हा घरचे म्हणतात, ‘याला सुधारायचंच नव्हतं.’ अरे, त्यानं मनापासून शपथ घेतलेली असते!

जागा बदलली तर? व्हिएतनाम युद्धातून १९७१ साली जे अमेरिकन सैनिक परतले, त्यांचा ली रॉबिन्स या संशोधिकेनं मागोवा घेतला. पाचातला एक जण तिथे हेरॉइनच्या आहारी गेला होता. मायदेशी पहिल्या वर्षात त्यांतले शंभरात पाचच पुन्हा अडकले. अमेरिकेत हेरॉइन महाग होतं, घरची माणसं होती, म्हणून सगळं श्रेय जागेला देता येत नाही. पण खुणा तिकडेच राहिल्या, हे काही थोडं नव्हे. आपला मुलगा मात्र त्याच गल्लीत परततो.

त्यातून एक जीवघेणी गोष्ट उद्भवते, ती नीट लक्षात ठेवा. तलफ वाढत जाते, पण शरीराची सवय मोडत जाते. काही आठवड्यांच्या खंडानंतर कोणी हेरॉइनचा जुना डोस घेतला, तर श्वास चालवणारं मेंदूतलं केंद्र तो पेलू शकत नाही आणि श्वास मंदावत थांबतो. त्या वेळी नॅलोक्सोन हे औषध मिळालं, तर ते हेरॉइनला ग्राहीवरून हुसकावतं आणि श्वास परत सुरू होऊ शकतो. म्हणून मुलगा घसरला असेल, तर त्याला घराबाहेर काढू नका, एकटा सोडू नका. बेशुद्ध पडला तर आधी डॉक्टरांना बोलवा, रागवायचं ते मागाहून.