पडदा फाटला म्हणजे बहिरेपण आले?

कानाचा पडदा फाटला म्हणजे माणूस कायमचा बहिरा झाला, असा समज आपल्याकडे पक्का रुजलेला आहे. मुलाच्या कानशिलात कोणी लगावली की पालकांना पहिली धास्ती वाटते ती पडद्याची. वर्षानुवर्षे वाहणाऱ्या कानाकडे मात्र 'मोठेपणी आपोआप बरा होईल' म्हणून काणाडोळा केला जातो. भीती आणि बेफिकिरी या दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. ऐकण्याचे काम पडदा करतो, असे आपण धरून चालतो. वास्तविक पडद्याकडे आहे ते केवळ पोहोचविण्याचे काम.

बाह्यकर्णाच्या सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीच्या नळीच्या टोकाशी हा पडदा तिरका बसलेला असतो. त्याचा व्यास ८ ते १० मिलिमीटर, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढा, आणि जाडी जेमतेम ०.१ मिलिमीटर, साध्या कागदाइतकी. एवढ्याशा जाडीत तीन थर सामावलेले असतात. बाहेरून त्वचा, आतून मध्यकर्णाचे श्लेष्मल अस्तर आणि दोहोंच्या मध्ये तंतूंची घट्ट वीण. त्याला तबल्याच्या पुडीची उपमा नेहमी दिली जाते, पण ती अर्धीच खरी आहे. पुडी सपाट ताणलेली असते आणि थाप पडल्यावर स्वतःच्या सुरात घुमत राहते. कानाचा पडदा मध्यभागी आत ओढलेला, उथळ शंकूच्या आकाराचा असतो आणि आवाज थांबताच त्याचे कंपनही जवळपास लगेच थांबते. तो पुडीसारखा घुमत राहिला असता, तर एका शब्दाचा नाद दुसऱ्यात मिसळून बोलणे कळेनासे झाले असते. त्याची संवेदनक्षमता तर चकित करणारी आहे. ऐकू येणाऱ्या अगदी क्षीण आवाजाने पडदा जितका हलतो, ते अंतर हायड्रोजनच्या अणूच्या व्यासाहूनही कमी असते.

या पडद्याची गरज काय, हे समजण्यासाठी पोहण्याच्या तलावाचा अनुभव आठवावा. पाण्याखाली डोके असताना काठावरच्या माणसाची हाक जवळपास ऐकूच येत नाही. हवेतून पाण्यावर आदळणाऱ्या ध्वनीची ९९.९ टक्के ऊर्जा परावर्तित होते. आपल्या आंतरकर्णातील शंखाच्या वेढ्यांसारखी नळीही द्रवाने भरलेली आहे. ध्वनी थेट तिच्यावर आदळला असता, तर त्यातला जेमतेम हजारावा हिस्सा आत शिरला असता. ही अडचण निसर्गाने पडदा आणि त्याला जोडलेली हातोडा, ऐरण व रिकीब ही तीन चिमुकली हाडे यांच्या साह्याने सोडविली आहे. पडद्याचे प्रत्यक्ष कंप पावणारे क्षेत्रफळ सुमारे ५५ चौरस मिलिमीटर, तर आंतरकर्णाच्या खिडकीवर टेकलेल्या रिकिबीच्या तळव्याचे अवघे ३.२ चौरस मिलिमीटर. पिनेच्या रुंद डोक्यावर दिलेला अंगठ्याचा दाब टोकाशी एकवटावा, तसा हा दाब सुमारे १७ पट वाढतो. हाडांच्या तरफेमुळे त्यात आणखी भर पडून तो २२ पटींच्या घरात जातो.

टेलिफोनच्या जन्माशी या रचनेचा थेट संबंध आहे, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. अलेक्झांडर ग्रॅहम बेल हे मुळात बोस्टनमध्ये मूकबधिर मुलांना शिकविणारे शिक्षक. त्यांच्या आईलाही ऐकू येत नसे. ध्वनीच्या लहरी डोळ्यांनी दिसाव्यात, म्हणजे बहिऱ्या मुलांना उच्चार शिकविणे सोपे जाईल, या विचाराने ते प्रयोग करीत होते. १८७४ साली क्लॅरेन्स ब्लेक या कर्णतज्ज्ञाने त्यांना मृत माणसाचा कान मिळवून दिला. बेल यांनी त्यातील हाडाला गवताची काडी जोडली, काडीचे टोक काजळी धरलेल्या काचेवर टेकविले आणि त्या कानात ते बोलू लागले. शब्दागणिक काचेवर नागमोडी रेषा उमटू लागल्या. इतका तलम पडदा त्या मानाने जड हाडे हलवू शकतो, तर मोठा पडदा पोलादाचा तुकडा का हलवू शकणार नाही, हा प्रश्न त्यांना तिथेच पडला. ७ मार्च १८७६ रोजी त्यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले. बहिऱ्यांसाठी चाललेल्या खटपटीतून जन्मलेले हे यंत्र बहिऱ्यांच्या मात्र उपयोगाचे नव्हते, हा त्यातला दैवदुर्विलास.

पडदा नीट हलण्यासाठी त्याच्या दोन्ही बाजूंना हवेचा दाब सारखा असावा लागतो. मध्यकर्ण व घसा यांना जोडणारी युस्टेशियन नळी हे काम करते. बोरघाट चढताना वा विमान उतरताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की ते सुटतात, ते याच नळीमुळे. लहान मुलांत ही नळी आखूड आणि जवळपास आडवी असते. त्यामुळे सर्दीचा संसर्ग कानात सहज पोहोचतो, आत पू साचतो आणि पडद्याला भोक पडून कान वाहू लागतो. अशा वेळी तेलात लसूण कडकवून ते कानात सोडण्याचा घरगुती उपाय नुकसानच करतो. कान वारंवार वाहत राहिला, तर हाडे झिजतात. काही रुग्णांत पडद्याची त्वचा आत वाढून आजूबाजूचे हाड पोखरते आणि विकार मेंदूपर्यंत जाऊ शकतो. केंद्र सरकारने २००७ मध्ये राष्ट्रीय बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, तो अशा टाळता येण्याजोग्या बहिरेपणाला आळा घालण्यासाठीच.

याउलट आघाताने फाटलेला पडदा बहुधा स्वतःच भरून येतो. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या उपनगरी गाड्यांतील बॉम्बस्फोटांतून वाचलेल्या अनेक प्रवाशांचे पडदे फाटले होते. स्फोटाच्या दाबलहरीपुढे शरीरात सर्वांत आधी हार मानतो तो हा पडदाच. मात्र थपडेने किंवा स्फोटाने पडलेली लहान भोके बहुतेकदा काही आठवड्यांत बुजतात. त्या काळात कानात पाणी जाऊ न देणे एवढेच पथ्य असते. पडद्यावरची त्वचा सतत मध्याकडून बाहेरच्या दिशेने सरकत वाढते आणि मळही बाहेर ढकलते. कान कोरण्यासाठी काडी, पिन वा कापसाचा बोळा घालणारा माणूस या व्यवस्थेच्या नेमके उलट काम करीत असतो. भोक बुजले नाही, तर कानाच्या वरच्या बाजूला असलेल्या स्नायूवरचे पातळ आवरण घेऊन त्याचे ठिगळ लावता येते. ही शस्त्रक्रिया आता सर्रास होते.

फाटक्या पडद्यामुळे श्रवण भोकाच्या आकारानुसार थोडे ते ४० डेसिबलच्या आसपास घटते. पडदा शाबूत असून मागच्या हाडांची साखळी तुटली असेल, तर हीच घट ६० डेसिबलपर्यंत, म्हणजे साध्या संभाषणाचा आवाज गिळून टाकण्याइतकी जाऊ शकते. खरा कायमचा तोटा त्याहून आत, आंतरकर्णात होतो. तिथे प्रत्येक कानात सुमारे १५ हजार केशपेशी असतात. मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंती किंवा तासन्‌तास कानात असलेले इअरफोन यांनी मरतात त्या या पेशी, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. असा रुग्ण तपासणीला आला, तर त्याचा पडदा मोत्यासारखा स्वच्छ दिसतो.

बिघाड पडद्याकडे आहे की आत, हे ओळखण्याची रिने या जर्मन डॉक्टरांनी १८५५ साली सांगितलेली चाचणी आजही वापरात आहे. कंप पावणाऱ्या नादकाट्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवितात आणि नंतर काटा कानासमोर धरतात. निरोगी कानाला समोरचा नाद मोठा वाटतो. हाडावरचा मोठा वाटला, तर वाट अडली आहे ती पडद्यापाशी किंवा मागच्या हाडांपाशी, आणि ती बहुधा मोकळी करता येते.