कचराकोंडी ते खामकाठ

समुद्रकाठच्या गावांना एक धडा फुकटात मिळतो. टाकलेला कचरा भरती परत आणून दारात ठेवते. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर २०१५ साली अफरोज शाह यांनी सुरू केलेली सफाई घ्या, नाहीतर कचरा डेपोचे पर्यटनस्थळ करून दाखवणारे वेंगुर्ले घ्या. तिथे घाण डोळ्यांआड करायला जागाच नव्हती. आमच्या छत्रपती संभाजीनगरला असा धाक नाही. खाम नदीत टाकलेले वाळूजच्या दिशेने वाहून जाते आणि आम्ही मोकळे. ते पुढे नाथसागर जलाशयाला मिळते आणि शहराला प्यायचे पाणी त्याच नाथसागरातून येते, हा हिशेब चारचौघांत कुणी फारसा मांडत नाही.

पाण्याच्या बाबतीत हे शहर अडाणी मुळीच नव्हते. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या नावाने हे शहर वसवले आणि पाण्यासाठी नहर काढली. पुढे पाणचक्कीला डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून आणले, उंच भिंतीवर चढवले आणि वरून पाडून त्यावर पिठाचे जाते फिरवले. ही पाणचक्की खामच्या अगदी काठावर आहे. मकाई, बारापुल्ला आणि महमूद या दरवाजांतून बाहेर पडले की पहिली गाठ नदीशीच पडायची. पुढे घराघरांत नळ आले, नदीशी काम उरले नाही आणि बोलण्यातसुद्धा ती ‘नाला’ झाली. पुलावर आल्यावर गाडी न थांबवता, नुसता वेग कमी करून, हँडलला लटकवलेली निर्माल्याची पिशवी कठड्यावरून सोडून द्यायची, ही कला या शहराने चांगली कमावली. पिशवी पाण्यात पडायच्या आत गिअर बदललेला असतो. भक्तिभाव शाबूत, हात स्वच्छ.

या सवयीला पहिला हादरा बसला तो २०१८ मध्ये, आणि तो नदीने दिला नाही. वर्षानुवर्षे शहराचा कचरा नारेगावच्या डेपोत जात होता. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत नारेगाव-मांडकीच्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. चुकीचे काय केले त्यांनी? धूर, दुर्गंधी आणि नासलेल्या विहिरी त्यांनी शहराच्या वतीने पुष्कळ सोसल्या होत्या. मग चौकाचौकांत ढीग लागले, लोकांनी ते पेटवले. मार्चमध्ये शहरालगतच्या मिटमिट्यात कचऱ्याच्या गाड्यांवरून दंगल झाली, पोलिसांच्या लाठ्या चालल्या, न्यायालयाने फटकारले, आयुक्त बदलले. ‘कचराकोंडी’ हा शब्द तेव्हा रोज छापून यायचा. आपला कचरा ‘तिकडे’ जातो म्हणजे कुणाच्या तरी अंगणात जातो, हे शहराला तेव्हा कुठे उमगले.

पुढे चिकलठाणा, पडेगाव आणि कांचनवाडीला प्रक्रिया केंद्रे उभी राहिली, ओला-सुका वेगळा मागणाऱ्या घंटागाड्या फिरू लागल्या. माझ्या मते खामचे काम खरे सुरू झाले ते इथेच, कारण गल्लीतला कचरा उचलला जात नाही तोवर नदीपात्र कितीही उपसा, पहिल्या पावसात ते पुन्हा भरते.

२०२१ च्या सुरुवातीला महापालिका, छावणी परिषद, इकोसत्त्व ही संस्था आणि व्हेरॉक ही कंपनी यांनी मिळून खाम पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. तेव्हाचे आयुक्त आस्तिककुमार पाण्डेय यांनी ते लावून धरले. पात्रातला राडारोडा, प्लास्टिक आणि गाळ निघाला, उतार सारखे झाले, देशी झाडे लागली. लोखंडी पुलाजवळ तर बसायला-फिरायला जागा झाली. पूर्वी तिथून लोक नाकाला रुमाल लावून जात. श्रमदानाला विद्यार्थी आले, नागरिक आले, आणि फोटोपुरते येणारेही आले; त्यांनीही दोन घमेली उचलली असतील तर तक्रार नाही. खरा भार मात्र सफाई कामगारांनी वाहिला. २०२३-२४ मध्ये वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या शहरांसाठीच्या जागतिक पुरस्काराच्या अंतिम यादीत खामचे नाव लागले, तेव्हा सत्कारांच्या बातम्यांत हे कामगार अजून ठळक दिसायला हवे होते.

आता थोडे कडू. सुधारला तो काठ. पाण्याचे काम बाकी आहे. पावसाळा सरला की नदीत वाहते ते मुख्यतः सांडपाणी. भूमिगत गटार योजनेतून कांचनवाडीला रोज १६१ दशलक्ष लिटर क्षमतेचे शुद्धीकरण केंद्र झाले खरे, पण केंद्र असणे वेगळे आणि गुंठेवारीतल्या शेवटच्या घराचे ड्रेनेज तिथवर पोचणे वेगळे. काठावरच्या भित्तिचित्रांचे उद्घाटन करता येते, जमिनीखालच्या जोडणीची फीत कापायला कोण येणार? म्हणून ते काम रेंगाळते.

महापालिकेकडे एकच मागणी आहे. लोखंडी पुलावर एक फलक लावा आणि त्यावर दर महिन्याला खामच्या पाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातल्या सेंद्रिय घाणीचे माप, लिहा. आंघोळीजोग्या नदीसाठी तो लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा. शेजारी हा आकडाही रंगवून ठेवा आणि दोन्हींतले अंतर येणाऱ्या-जाणाऱ्यांना रोज वाचू द्या.