लाईट आली, पण फोटो उघडेनात! नेटवर्क ड्राइव्हमधला डेटा वाचवायचा कसा आणि जागा वाढवायची कशी?

वळवाचा पाऊस, कडाडलेली वीज आणि डीपीवरचा उडालेला फ्यूज. बाजाराच्या गावातल्या एका फोटो स्टुडिओत त्या संध्याकाळी लाईट चार वेळा गेली आणि चार वेळा आली. शेवटच्या खेपेला टेबलाखालच्या काळ्या डब्यावरचा हिरवा दिवा नारंगी झाला आणि आतून बीप-बीप सुरू झालं. त्या डब्यात अकरा वर्षांची लग्नं, साखरपुडे, जत्रा आणि दहावीचे निरोप समारंभ होते. काही घरांतल्या गेलेल्या माणसांचा एकमेव बरा फोटोही तिथेच होता. मालक घाबरला. डबा बंद करून त्याने एक डिस्क काढली आणि सरळ कॉम्प्युटरला लावली. विंडोजने विचारलं, डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? नशीब म्हणायचं, त्याचं बोट तिथेच थांबलं.

असे डबे आता नुसते शहरात राहिलेले नाहीत. फोटोग्राफर, सेतू केंद्र चालवणारे, दूध डेअरी, क्लासेसवाले, झेरॉक्सची दुकानं, बऱ्याच ठिकाणी ते आहेत. ज्यांची पोरं नोकरीला बाहेर आहेत त्या घरांतही दिसतात. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली आणि १५ जीबीची मर्यादा लागली. तेव्हापासून फोटो ठेवायचे कुठे हा प्रश्न घरोघरी आला.

नेटवर्क ड्राइव्ह म्हणजे काय, तर राउटरला वायरने जोडलेला एक लहानसा कॉम्प्युटर. त्याला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, आत एक, दोन किंवा चार हार्ड डिस्क. घरातला प्रत्येक मोबाईल आणि कॉम्प्युटर वायफायवरून त्यातल्या फाइल उघडू शकतो. त्यासाठी इंटरनेट लागत नाही, राउटर चालू असला की झालं. इंग्रजीत याला 'नॅस' म्हणतात, दुकानात तेच नाव सांगावं.

दोन डिस्कच्या डब्यात बहुतेक करून 'मिरर' पद्धत लावलेली असते. एका डिस्कवर जे लिहिलं तेच दुसरीवरही लिहिलं जातं. ४ टीबीच्या दोन डिस्क घातल्या तरी जागा ४ टीबीच मिळते, पण एक डिस्क मेली तरी दुसरीवर सगळं शाबूत राहतं. चार डिस्कच्या डब्यात 'रेड ५' लावलं तर ४ टीबीच्या चार डिस्कमधून १२ टीबी मिळते आणि कोणतीही एक डिस्क गेलेली चालते. दोन गेल्या तर मात्र सगळं गेलं. काही जण जास्त जागेच्या मोहापायी 'रेड ०' लावतात. त्यात अर्धा माल एका डिस्कवर आणि अर्धा दुसरीवर, म्हणजे एक बैल बसला की गाडी जागेवरच.

स्टुडिओवाल्याकडे मिरर होतं म्हणून निभावलं. पण त्याने घाईत चांगली डिस्कच बाहेर काढली होती आणि बिघडलेली आत ठेवली होती. ही चूक फार जण करतात. डब्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती डिस्क खराब आहे ते तिच्या सिरियल नंबरसकट दिसतं. तोच नंबर डिस्कवरच्या स्टिकरवर छापलेला असतो. तो जुळल्याशिवाय डिस्कला हात लावू नये. काढायच्या आधी मार्करने १, २ असं लिहून ठेवावं, म्हणजे परत कोणत्या खणात घालायची याचा घोळ होत नाही.

आता विंडोज फॉरमॅट का मागतं? या डब्यांच्या आत बहुधा लिनक्स चालतं आणि डिस्कवरची मांडणीही लिनक्सची असते. विंडोजला ती भाषा वाचता येत नाही, म्हणून ते डिस्क रिकामी किंवा बिघडलेली समजतं. फॉरमॅट म्हणा की इनिशियलाइज, दोन्हीला नाहीच म्हणायचं. डबाच मेला आणि डिस्क चांगल्या असतील, तर उबंटू लिनक्स पेनड्राइव्हवरून चालू करून कॉम्प्युटरवर त्या वाचता येतात. सायनॉलॉजी कंपनीने ही पद्धत स्वतःच सांगून ठेवली आहे. सगळ्याच कंपन्यांच्या डब्यांना ती लागू पडत नाही. बऱ्याचदा त्याच कंपनीचा त्याच जातीचा दुसरा डबा मिळवून त्यात डिस्क घालणं सगळ्यात सोपं पडतं.

आवाज ऐका, मग ठरवा

डेटा जाण्याचे प्रकार वेगळे आणि उपायही वेगळे. फाइल चुकून डिलीट झाली असेल तर आधी डब्याचा रिसायकल बिन बघावा. विंडोजचा नव्हे, डब्याचा स्वतःचा. तो सुरू केलेला असेल तर शेअर केलेल्या फोल्डरच्या आतच सापडतो. चांगल्या डब्यांत 'स्नॅपशॉट' नावाची सोय असते, ती ठरलेल्या वेळी सगळ्या फोल्डरांची स्थिती टिपून ठेवते. कालच्या स्नॅपशॉटमधून आजची पुसलेली फाइल परत आणता येते. अर्थात ती सोय आधीच चालू करून ठेवलेली पाहिजे.

बिनमध्येही नाही आणि स्नॅपशॉटही नाही, तर एकच गोष्ट तातडीने करायची: त्या डब्यावर नवं काही लिहू द्यायचं नाही. पुसलेल्या फाइलची जागा फक्त 'मोकळी' अशी नोंदली जाते, आतला मजकूर लगेच जात नाही. वर दुसरं काही लिहिलं गेलं की तो कायमचा जातो. मोबाईलचे फोटो आपोआप डब्यात जात असतील तर ते आधी बंद करा. मग फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर वापरता येतं. ते फोटो शोधून काढतं, पण फाइलची नावं आणि फोल्डर परत मिळत नाहीत. हजारो फोटो नुसत्या आकड्यांच्या नावाने हाती येतात आणि मग कोणतं लग्न कोणाचं हे बसून निवडावं लागतं. सापडलेला माल त्याच डिस्कवर ठेवायचा नाही, दुसरीवर घ्यायचा.

डिस्क 'टक... टक... टक' करत असेल किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल, तर गोष्ट वेगळी. वीज बंद करा आणि परत चालू करून बघू नका. विहिरीवरची मोटर जाम झाल्यावर पुन्हा पुन्हा स्टार्टर दाबला तर वायंडिंग जळतं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. इथेही तसंच आहे. आतली वाचणारी सुई तबकडीवर घासत असेल तर दर चालू करण्याबरोबर थोडा डेटा खरवडून जातो. डिस्क फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला मोबाईलवर फिरतो. त्याने आत ओल धरते, तो ऐकू नये. दुकानात झाकण उघडून बघणाऱ्यालाही डिस्क देऊ नये, कारण सुई आणि तबकडी यांच्यातलं अंतर धुळीच्या कणापेक्षाही कमी असतं. नुसतं खालचं सर्किट बदलूनही सहसा भागत नाही, त्या डिस्कची स्वतःची माहिती त्याच सर्किटवरच्या चिपमध्ये असते. असं काम धूळमुक्त खोली असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्यांचं. ते महाग पडतं, म्हणून आधी विचारून घ्यावं की डेटा मिळाला नाही तर पैसे किती.

आवाज नाही, पण डिस्क अडखळत वाचते, काही फोल्डर उघडतात आणि काही अडकतात, अशा वेळी त्या डिस्कवरच शोधाशोध करू नये. लिनक्समधल्या डीडीरेस्क्यू या फुकट साधनाने तिची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतात. ते आधी सोपे भाग उचलतं आणि खराब जागांकडे शेवटी वळतं. नंतरची सगळी खटपट नकलेवर करायची.

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे

हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. मिररमध्ये एका डिस्कवरची फाइल पुसली की त्याच क्षणी दुसरीवरचीही पुसली जाते. व्हायरस आला तर दोन्हीकडे येतो. जून २०२१ मध्ये जगभरातल्या 'माय बुक लाइव्ह' या वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या नेटवर्क ड्राइव्हवरचा डेटा बाहेरून हल्ला करून पुसला गेला. लोक झोपेतून उठले तर ड्राइव्ह रिकामा. त्या मॉडेलला २०१५ नंतर सॉफ्टवेअर सुधारणा मिळालेली नव्हती. कंपनीने शेवटी सांगितलं की तो इंटरनेटपासून तोडा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये क्यूनॅप कंपनीच्या डब्यांवर 'क्यूलॉकर' हल्ला झाला. फाइल कुलूपबंद करून किल्लीसाठी ०.०१ बिटकॉइन मागितले गेले. म्हणून डबा बाहेरून उघडण्याची सोय गरज नसेल तर बंदच ठेवावी आणि 'अॅडमिन' नावाचं मूळ खातं बंद करून वेगळं खातं करावं. अपडेट आलं की घ्यावं.

बियाणं सगळं एकाच कणगीत कोणी ठेवत नाही. मालाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, असा जगभरचा रिवाज आहे. घराबाहेरची म्हणजे क्लाऊडवर, असं शहरातला माणूस सांगेल. गावाकडचं गणित निराळं. अपलोडचा वेग १० एमबीपीएस असेल तर ४ टीबी चढवायला रात्रंदिवस ३७ दिवस लागतात, तेही लाईट आणि नेट एकदाही न जाता. त्यापेक्षा एक मोठी यूएसबी डिस्क घ्या, महिन्याला एकदा प्रत काढा, वायर काढून ती भावाच्या किंवा सासऱ्यांच्या घरी ठेवा. जोडून ठेवलेली डिस्क विजेच्या झटक्याला किंवा व्हायरसला सापडते, कपाटातली सापडत नाही.

जागा वाढवताना क्रम चुकवू नका

स्टुडिओवाल्याने पुढे काय केलं ते इथे कामी येतं. चांगली डिस्क त्याने जिथल्या तिथे बसवली आणि डबा सुरू केला. नारंगी दिवा तसाच होता, पण फाइल उघडल्या. नवी डिस्क घालायच्या आधी त्याने सगळा माल यूएसबी डिस्कवर उतरवून घेतला. हाच मोठा शहाणपणा. कारण नवी डिस्क घातल्यावर उरलेली जुनी डिस्क तासन्‌तास सलग वाचली जाते, आणि दोन्ही एकाच दिवशी घेतलेल्या असतील तर तीही थकलेली असू शकते.

जागा भरतच आली होती, म्हणून त्याने ४ टीबीच्या ऐवजी ८ टीबीच्या दोन डिस्क घेतल्या. आधी खराब डिस्कच्या जागी एक नवी घातली आणि सॉफ्टवेअरमध्ये 'रिपेअर' दिलं. ४ टीबी भरायला सेकंदाला १०० एमबी वेगाने ११ तास लागतात, डबा वापरात असेल तर आणखी जास्त. ते पूर्ण होऊन 'हेल्दी' दिसल्यावरच दुसरी जुनी डिस्क काढून दुसरी नवी घातली आणि परत तेवढंच थांबला. एकच मोठी डिस्क घातल्याने जागा वाढत नाही, मिररमध्ये लहान डिस्कइतकीच जागा मिळते. दोन्ही बदलल्यावर जागा वाढते, काही डब्यांत आपोआप, काहींत 'एक्स्पांड' दाबावं लागतं. आणि ८ टीबीची डिस्क विंडोजला ७.२७ दिसली तर दुकानदाराने फसवलं असं नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

डिस्क घेताना 'एसएमआर' की 'सीएमआर' हे विचारावं. एसएमआरमध्ये पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे जास्त लिहायची वेळ आली की ती फार मंदावते आणि असं भरण्याचं काम मध्येच फसू शकतं. २०२० मध्ये नॅससाठी म्हणून विकलेल्या काही डिस्क एसएमआर निघाल्याने मोठा गदारोळ झाला होता. डब्यासाठी सीएमआरच घ्यावी आणि मॉडेल नंबर कंपनीच्या यादीत तपासावा.

राहिला लाईटचा प्रश्न. घरचा इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर बदलताना क्षणभराचा खंड पडतो, ट्यूबला तो कळत नाही पण डब्याला कळतो. इन्व्हर्टरला 'यूपीएस' मोड असतो, तो लावावा. नाहीतर डब्यापुरता लहान यूपीएस घ्यावा. यूएसबी वायर असलेला मिळाला तर उत्तम, बॅटरी संपायला आली की डबा स्वतःच नीट बंद होतो. महिन्यातून एकदा डिस्कची तब्येत बघावी. 'रीअॅलोकेटेड' आणि 'पेंडिंग सेक्टर' हे आकडे शून्याच्या वर जाऊन वाढत चालले की नवी डिस्क मागवावी, बीप वाजायची वाट बघू नये.

स्टुडिओतली बिघडलेली डिस्क अजून ड्रॉवरमध्ये आहे. ती भंगारात द्यायची तर आधी तबकडीला ड्रिलने आरपार भोकं पाडून द्यावी, कारण मिररमधल्या त्या एका डिस्कवरही सगळ्यांच्या घरचे सगळे फोटो आहेत.