उतरायला जागा हवी

तिकोणा पेठेतून गडाची वाट धरलेल्या माणसाचे लक्ष पवनेच्या पाण्याकडे नाहीतर समोरच्या तुंगाकडे असते. वरच्या आकाशाकडे फारसे कोणी बघत नाही. मला मात्र ती सवय लागली आहे. पूर्वेला लोहगावला येणारी-जाणारी मोठी विमाने, कामशेतच्या बाजूला पॅराग्लायडरचे रंगीत कापड, आणि क्वचित, फारच क्वचित, एका इंजिनाचे एखादे छोटे विमान. ते दिसले की मी थांबतो आणि मनात पहिला प्रश्न येतो : हा माणूस आज कुठे उतरणार?

अशा विमानात दोन किंवा चार माणसे बसतात. वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास. चालवणारा बहुधा हौसेने आणि पदरमोड करून उडत असतो. सकाळी निघावे, कुठेतरी उतरावे, जेवावे, थोडे पायी फिरावे आणि दिवसाउजेडी घरी परतावे, एवढीच त्याची इच्छा असते. अमेरिकेत ही जुनी रीत आहे. तिकडे सर्वांसाठी खुले असलेले सुमारे पाच हजार विमानतळ आहेत, आणि दुसऱ्या गावच्या धावपट्टीशेजारी बर्गर खाऊन परतणाऱ्या हौशी वैमानिकांनी त्या जेवणाला ‘शंभर डॉलरचा बर्गर’ असे नाव ठेवले आहे; बर्गर थोडक्यातला, बाकीचा खर्च इंधनाचा. आपल्याकडे मिसळ आहे, सोलकढी आहे, देवळे आहेत, गड तर पावलोपावली आहेत. अडते ते उतरण्यापाशी.

या हौसेचा उगम मुंबईत जुहूला सापडतो. १९२८ मध्ये तिथे बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांच्या हाती देशातला पहिला वैमानिक परवाना पडला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल आणले, तेही याच जुहूवर, पस मॉथ या एका इंजिनाच्या विमानातून. जुहूचे मैदान समुद्राच्या कडेचे, पावसाळ्यात चिखलात बुडणारे. म्हणून टाटांची ही टपालसेवा पावसाळ्यात आपला मुक्काम पुण्याला हलवायची आणि विमाने येरवडा तुरुंगाच्या खालच्या मैदानात उतरायची. सह्याद्रीच्या दोन बाजूंचे हवामान किती वेगळे, हे त्या लोकांनी पहिल्याच काही वर्षांत ओळखले होते. आजही छोट्या विमानाची सहल आखताना पहिला विचार हाच करावा लागतो.

पुढच्या धावपट्ट्या एकेका कामासाठी झाल्या. कोल्हापूरला १९३९ मध्ये छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात विमानतळ झाला. कऱ्हाडची धावपट्टी १९५५ ची, कोयना प्रकल्पाकडे ये-जा करण्यासाठी सार्वजनिक बांधकाम खात्याने केलेली. सहलीला जाणारा वैमानिक यांपैकी कोणाच्याच हिशेबात नव्हता. तरीही दिवसभराच्या सहलीला कऱ्हाडसारखे ठिकाण महाराष्ट्रात दुसरे नाही, असे माझे ठाम मत आहे. जुहूहून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या आत, म्हणजे सवा तासाचे उड्डाण. धावपट्टी छोट्या विमानाला पुरून उरणारी. आणि गाव जवळ. रिक्षाने थोड्या वेळात प्रीतिसंगमावर पोचता येते. तिथे कोयना कृष्णेला समोरून येऊन मिळते, काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, आणि घाटाच्या पायऱ्यांवर बसले की वेळ कसा गेला ते कळत नाही. ज्या धरणाने ही धावपट्टी जन्माला घातली, त्याच कोयनेचे पाणी समोरून वाहताना दिसते.

कोल्हापूरचे आकर्षण वेगळे. अंबाबाईचे दर्शन, तांबडा-पांढरा रस्सा. पण तिथे प्रवासी विमानांची ये-जा वाढली आणि छोट्या विमानाला वेळेचे गणित सांभाळावे लागते. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ सुरू झाला तेव्हा मला सर्वांत जास्त आनंद झाला तो तिथे जाणाऱ्या मार्गाच्या विचाराने. मुंबईहून किनारा धरून दक्षिणेला निघायचे. उजव्या हाताला समुद्र, खाली मुरूडचा जंजिरा, मग सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, आणि शेवटी मालवणसमोरचा सिंधुदुर्ग. शिवकाळातले आरमार डोळ्यांपुढे उभे करायला याहून चांगली वाट नाही.

पुण्याकडे हौसेचे खरे घर म्हणजे हडपसरचे ग्लायडिंग सेंटर. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या अखत्यारीतली ही जागा आता चहूबाजूंनी शहराने वेढली आहे. तिथे ग्लायडरमध्ये बसण्याचा अनुभव मला क्षणाक्षणाने आठवतो. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला विंच असते, तिच्यापासून निघालेली लांबलचक तार ग्लायडरच्या पोटाशी अडकवतात. तार ताठ होते, एक हिसका बसतो आणि काही सेकंदांत नाक आकाशाकडे वळते. समोर जमीन दिसतच नाही. वर पोचल्यावर मागे बसलेला प्रशिक्षक पिवळी मूठ ओढतो, तार सुटते, आणि मग इंजिनच नसल्यामुळे कानाशी फक्त वाऱ्याची शीळ. एक फेरी मारून पाच-सात मिनिटांत खाली. कुठे जाणे नाही, येणे नाही, तरी माणूस त्या दिवशी दुसरे काही बोलू शकत नाही. ज्यांना उडण्याची ओढ आहे पण विमान परवडत नाही, त्यांच्यासाठी ही जागा राहिली पाहिजे.

आता पुन्हा मावळात, तिकोण्याकडे. तिकोण्यापासून पश्चिमेला सरळ रेषेत पंधराएक किलोमीटरवर अँबी व्हॅलीची खासगी धावपट्टी आहे. जुहूहून तिथवर जेमतेम अर्धा तास. ऑगस्ट २०१४ मध्ये जुहूहून अँबी व्हॅलीला पाण्यावर उतरू शकणाऱ्या छोट्या सेस्ना विमानाची सेवा सुरू झाली, तेव्हा राज्यातल्या धरणांच्या जलाशयांवर अशी विमाने उतरवण्याची योजना बोलली जात होती आणि त्यात आमच्या पवना धरणाचे नाव होते. १९७२ मध्ये बांधून झालेल्या या धरणाच्या पाण्यावर विमान उतरणार, ही कल्पनाच विलक्षण होती. ती प्रत्यक्षात आली नाही. अँबी व्हॅलीची सेवाही फार टिकली नाही, आणि २०१७ मध्ये ती मालमत्ताच सर्वोच्च न्यायालयाच्या लिलावाच्या आदेशाखाली आली. मला जलाशयांच्या त्या योजनेची हळहळ वाटते, पण तिच्यातली उणीवही दिसते. ती ठरावीक भाड्याच्या प्रवाशांसाठी होती. स्वतःचे विमान घेऊन येणाऱ्याचा विचार तिच्यातही नव्हता.

तो विचार पवन मावळात प्रत्यक्षात उतरवला पॅराग्लायडिंगवाल्यांनी. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कामशेतच्या आसपासच्या डोंगरांवरून पॅराग्लायडिंगच्या शाळा चालू आहेत. ऑक्टोबर ते मे हा त्यांचा हंगाम. वारा ज्या बाजूचा त्या बाजूचा डोंगर निवडायचा, हा साधा नियम. उडणारा कापडाकडे तोंड करून उभा राहतो, दोऱ्या ओढतो, कापड फडफडत डोक्यावर येऊन स्थिरावते. मग तो वळतो, चार पावले पळतो आणि पायांखालचा उतार संपतो. उतरायचे भातकापणी झालेल्या खाचरात. त्यांना धावपट्टी लागत नाही, म्हणूनच त्यांना जमले. पण त्यांच्यामागून या खोऱ्यात घरगुती जेवण आले, राहायच्या खोल्या आल्या, पवनेकाठचे तंबू आले. उडणाऱ्या माणसाला खाली उतरल्यावर काय हवे असते, ते इथल्या लोकांना आज पुरते कळलेले आहे.

छोट्या विमानाच्या वैमानिकापुढच्या अडचणी मात्र अजून तशाच. उड्डाणाआधी फ्लाइट प्लॅन, हवाई संरक्षणाचा क्लिअरन्स, पुण्याच्या आकाशात हवाई दलाचे नियंत्रण. विमानाचे खास पेट्रोल, म्हणजे अॅवगॅस, मोजक्याच ठिकाणी मिळते, त्यामुळे परतीचे इंधन घेऊनच निघावे लागते. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले, आणि २०२० मध्ये ते उडवून बघायला धुळ्याला न्यावे लागले. २००९ मध्ये बारामती, लातूर, नांदेड, उस्मानाबाद आणि यवतमाळ हे पाच विमानतळ खासगी कंपनीला भाडेपट्ट्याने दिले गेले, तेव्हाही चर्चा मोठ्या विमानांचीच होती. धावपट्ट्या आहेत. शनिवार-रविवारी हौशी विमानासाठी त्या उघड्या ठेवायच्या, इंधनाची एक टाकी बसवायची आणि गावापर्यंत रिक्षाची सोय करायची, एवढेच मागणे आहे. त्यातून त्या गावच्या खाणावळीला गिऱ्हाईक मिळेल आणि एखाद्या मुलाला जवळून विमान बघायला मिळेल.

ज्यांच्या हाती आज परवाना आणि विमान दोन्ही आहे, त्यांना माझा आग्रह नोव्हेंबर ते जानेवारीतल्या सकाळचा. पाऊस सरलेला, पवना भरलेली, डोंगरांवर अजून हिरवट छटा. मार्च उजाडला की दुपारी जमीन तापते, हवेचे हिसके बसू लागतात. घाटमाथा ओलांडताना पश्चिमेचा वारा जोरात असेल तर पूर्वेच्या उतारावर हवा खाली दाबते. तेव्हा तिकोण्याची साडेतीन हजार फुटांची उंची लक्षात घेऊन भरपूर वरून जावे. परवानगी मिळाल्यास जुहूहून घाटावर चढून लोहगड, विसापूर, तुंग, तिकोणा ही पवनेभोवतीची रांग बघावी आणि दक्षिणेला वळून कऱ्हाड गाठावे. कऱ्हाडहून परतीला दोन वाजेपर्यंत निघालेले बरे. मुंबईकडची धुरकट हवा संध्याकाळी दाट होते आणि जुहूची धावपट्टी शोधायला डोळे ताणावे लागतात.