वयाच्या नोंदी : चित्र लावणाऱ्याचे दायित्व

प्रौढांसाठीची चित्रे आपण काढलेली नाहीत, केवळ कमिशनपोटी आपल्या संकेतस्थळावर लावली आहेत. तेव्हा दायित्व मूळ निर्मात्याचेच, असा अनेकांचा समज असतो. अमेरिकेत हा समज महागात पडू शकतो.

अल्पवयीनांचे शोषण रोखण्याच्या हेतूने तेथील १९८८ च्या संघीय कायद्यान्वये, उघड लैंगिक चित्रणातील प्रत्येक व्यक्तीचे वय ओळखपत्रावरून पडताळून त्याची नोंद ठेवणे निर्मात्यास बंधनकारक झाले. २००६ च्या दुरुस्तीने असे चित्र आपल्या संकेतस्थळावर घालणाराही ‘निर्माता’ या व्याख्येत आला. नियमांत त्यास दुय्यम निर्माता म्हटले आहे. मूळ निर्मात्याकडून नोंदींच्या प्रती घेण्याची त्यास मुभा आहे. परंतु त्या सात वर्षे जतन करणे व त्या कोठे ठेवल्या आहेत हे संकेतस्थळावर नमूद करणे, ही जबाबदारी त्याचीच. पहिल्या अपराधासही पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

२०२० मध्ये एका अपील न्यायालयाने यांतील बंधने काही वादींपुरती घटनाबाह्य ठरविली. तथापि कायदा सर्वांसाठी रद्द झाला नाही.

सबब, ज्या चित्राची नोंद हाती नाही ते न लावणेच इष्ट होय. त्यातील व्यक्ती सज्ञान आहे, हे केवळ चेहऱ्यावरून ठरत नाही.